गरोदरपणात ‘उद्या बघू’ कधी म्हणू नये

दसरा झाला की आमच्या उपकेंद्राच्या गावांमधून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरायला लागतात. भांडीकुंडी, पिठाचे डबे, पत्र्याची पेटी, शेळी, लेकरं आणि या सगळ्याच्या वर बसलेल्या बाया. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे आणि काही थेट बेळगावकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मी या भागात आरोग्य सेविका आहे. लेकीसुना मला सिस्टर म्हणतात, म्हाताऱ्या नर्सबाई म्हणतात. टोळ्या निघण्याआधी आशाताईंना सोबत घेऊन मी घरोघर फिरते, कारण ट्रॉलीत बसणाऱ्या काही जणींना चौथा, सहावा, कधी सातवाही महिना चालू असतो. एकदा त्या फडावर गेल्या की त्यांच्या हाताला रक्तदाब मोजायची दंडपट्टी बांधायला मी तिथे नसते. आपल्याला काय होतंय आणि ते किती गंभीर आहे, हे त्यांचं त्यांनीच ओळखायचं असतं.

त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. पुण्या-मुंबईतल्या वाचकांच्या घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर असेल, पण गरोदर बाईचं शरीर सगळीकडे सारखंच वागतं. आणि खरं सांगायचं तर ‘उद्या बघू’ म्हणणारी माणसंही सगळीकडेच भेटतात.

धोक्याची लक्षणं माता-बाल संरक्षण कार्डावर चित्रांसकट छापलेली असतात. ती माहीत नसल्यामुळे अडतं, असं मला फारसं दिसत नाही. लक्षण बाईला कळलेलं असतं. ती नवऱ्याला सांगते, नवरा आईला विचारतो, आई म्हणते, ‘आम्हाला नव्हतं का व्हायचं? बगू उद्या.’ फडावर तर आणखी अडचण, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एक जण दवाखान्यात गेला की खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे उचलीवर, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांवर चढतात. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागचे तीन उशीर मांडले होते: घरात निर्णय घ्यायला लागणारा, दवाखान्यात पोचायला लागणारा आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागणारा. दुसरा रस्त्यावर आणि गाडीवर अवलंबून असतो, तिसरा आमच्यासारख्या यंत्रणेवर. पहिला मात्र घरच्या माणसांनी ठरवलं तर आजच्या आज संपू शकतो, म्हणून माझं सगळं बोलणं त्याच्यावर असतं.

सुरुवात डोकेदुखीपासून करते, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडे होतं.

आठवा महिना लागलेली एक बाई होती. तिचं हे दुसरं बाळंतपण, पहिलं अगदी सुखरूप झालेलं. दोन दिवस कपाळ ठणकत होतं. उन्हामुळे असेल, झोप झाली नसेल, असं म्हणत घरात बाम चोळणं चाललं होतं. आशाताई सहज डोकावली, तेव्हा ती ज्वारी निवडत बसली होती आणि मधेमधे डोळे चोळत होती. विचारलं तर म्हणाली, ‘काजवे चमकल्यावानी होतंय, खडे दिसंना गेलेत.’ आशाताईने तिच्या हातांकडे पाहिलं. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, पापण्याही सुजलेल्या. तिने मला फोन केला. मी जाऊन रक्तदाब घेतला तर १७०/११०. लघवीच्या तपासणीत प्रथिनं भरपूर. सासूबाई म्हणाल्या, ‘पित्त झालंय, काल छातीखाली पण दुखत हुतं.’ ते दुखणंही पित्ताचं नव्हतं. गरोदरपणात रक्तदाब असा चढला की यकृतावर ताण येतो आणि उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखू लागतं. त्यासाठी पित्ताच्या गोळ्या घेत बसण्यात कितीतरी बायांचे मोलाचे तास जातात.

आम्ही तिला मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनचा पहिला डोस दिला, १०८ बोलावली आणि जिल्हा रुग्णालयात पाठवलं. हे औषध जुनं आणि स्वस्त आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय नावाच्या अभ्यासात ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार बायांवर ते तपासलं गेलं, आणि असा रक्तदाब चढल्यावर झटके येण्याचा धोका त्याने निम्म्याहून कमी होतो हे सिद्ध झालं. तिला झटके आले नाहीत. त्याच रात्री सिझेरियन झालं. बाळ कमी वजनाचं होतं, काही दिवस काचेच्या पेटीत राहिलं आणि मग घरी आलं.

रक्तदाबाचा हा आजार साधारणपणे पाचवा महिना संपल्यानंतर सुरू होतो आणि त्याचं मूळ वारेत असतं. त्याचा वाईटपणा असा, की सुरुवातीला बाईला काहीच जाणवत नाही. म्हणून ‘मला काही होत नाही, तपासणीला कशाला येऊ’ हे म्हणणं चालणार नाही. दर भेटीत रक्तदाब मोजलाच पाहिजे. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. १६० किंवा ११० ला पोचला किंवा पुढे गेला, तर घरी परतायचंच नाही. पहिलटकरीण, जुळी असलेली, आधीच्या खेपेला रक्तदाब वाढलेली, फार लहान किंवा चाळिशीकडे झुकलेली, यांना धोका जास्त. पण वर सांगितलेली बाई यांपैकी कुणीच नव्हती, हेही लक्षात ठेवा.

संध्याकाळी पावलं थोडी सुजली आणि सकाळी उतरली, तर घाबरायचं कारण नाही. चेहरा आणि हात एकाएकी सुजले, अंगठी निघेना, डोकं थांबायचं नाव घेईना, दिसायला धूसर झालं, दम लागला, तर तसंच उठून निघायचं. आणि झटके आलेच तर कृपा करून कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, बाहेरचं काही लागलंय म्हणून देवऋषाला बोलावू नका. तिला डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोचणारं-लागणारं बाजूला करा आणि १०८ लावा.

रक्तस्रावाबद्दल मात्र घरात वाद होत नाही, रक्त दिसलं की सगळेच हबकतात. वाद होतो तो ‘थोडंसंच आहे’ यावर. गरोदरपणात अंगावरून जाणारं रक्त थोडं असो की जास्त, ते दाखवायलाच हवं. पहिल्या तीन महिन्यांत नुसता डाग दिसला आणि पुढे सगळं नीट झालं, असंही पुष्कळदा होतं. पण तो डाग साधा आहे हे सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी म्हणायचं, आपण नाही. याच काळातली एक गोष्ट मी फार जोर देऊन सांगते. पाळी चुकलेली आहे, ओटीपोटात एका बाजूला खुपतंय, चक्कर येते आहे, आणि मधेच खांदा दुखतोय. खांद्याचा आणि पोटाचा काय संबंध, असं वाटेल. गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजला असेल आणि नळी फुटली असेल, तर पोटात साचलेलं रक्त वरच्या पडद्याला टोचतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं. बाहेर रक्त जेमतेम दिसतं आणि बाई आतल्या आत पांढरीफटक होत जाते. अशा वेळी जवळचा लहान दवाखाना शोधण्यापेक्षा जिथे लगेच शस्त्रक्रिया होते तिथे जायचं असतं. आपल्या दिवस गेल्याचं तिने अजून घरात कुणाला सांगितलेलंही नसतं, ही आणखी एक अडचण. म्हणून मी मुलींना सांगते, पाळी चुकली की निदान एका माणसाच्या कानावर घाला.

सातव्या महिन्यापुढे न दुखता एकदम भळकन रक्त गेलं, तर वार खाली असू शकते. पोट दगडासारखं कडक झालं, सारखं दुखतंय आणि रक्त जातंय, तर वार आधीच सुटायला लागलेली असू शकते. दोन्हीत वाट पाहायची नाही. सोनोग्राफीत वार कुठे आहे हे कळेपर्यंत आतून तपासणी कुणाला करू द्यायची नाही, गावातल्या अनुभवी सुईणीलाही नाही. भिजलेलं पॅड किंवा कापड फेकू नका, पिशवीत घालून आणा. किती रक्त गेलं हे आम्हाला त्यावरून कळतं. ज्यांचा रक्तगट निगेटिव्ह आहे त्यांनी ते पहिल्या वाक्यातच सांगावं, कारण त्यांना रक्तस्रावानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यावं लागतं.

आता बाळाच्या हालचालींबद्दल थोडं सविस्तर बोलते.

पहिलटकरणीला अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळ हललेलं कळतं, दुसऱ्या खेपेला त्याआधीही. सातवा महिना लागेपर्यंत प्रत्येक बाळाची आपली एक रीत बसते. कुणाचं बाळ आई आडवी झाली की लाथा मारतं, कुणाचं जेवणानंतर, कुणाचं पहाटे. ही रीत आईला जितकी ठाऊक असते तितकी कुठल्याच यंत्राला ठाऊक नसते. म्हणून मी तपासणीला आलेल्या बाईला आधी विचारते, ‘तुझं लेकरू कधी खेळतं?’ काही जणी हसतात, काही लाजतात, पण सांगतात अगदी नेमकं. मग मी म्हणते, त्या वेळेला ते खेळलं नाही, तर ती वेळ लक्षात ठेव.

आमच्याकडे एक समज घट्ट बसलेला आहे, की नवव्या महिन्यात जागा कमी पडते म्हणून बाळ शांत होतं. हे खरं नाही. हालचालींचा प्रकार बदलतो, उसळी मारण्याऐवजी वळवळ जाणवते, पण हालचाल कळांपर्यंत टिकते. ती मंदावणं ही पुष्कळदा बाळाला पुरेसा प्राणवायू मिळत नसल्याची पहिली खूण असते आणि कधी कधी तेवढी एकच खूण मिळते. शंका आली तर काहीतरी खाऊन, पाणी पिऊन, डाव्या कुशीवर निवांत पडा, मन दुसरीकडे नेऊ नका आणि हालचाली मोजा. दोन तासांत दहा भरल्या नाहीत तर रुग्णालय गाठा. हालचाल पूर्ण थांबलेलीच वाटत असेल तर हे दोन तासही घालवू नका.

इथे एक सूचना आहे. हल्ली घरी बाळाचे ठोके ऐकवणारी छोटी यंत्रं विकत मिळतात. ती घेऊन समाधान मानू नका. ठोका ऐकू आला म्हणजे बाळ आता जिवंत आहे एवढंच कळतं, ते त्रासात आहे की नाही हे कळत नाही. शिवाय आईच्याच नाडीला बाळाचे ठोके समजण्याची चूक सहज होते.

फडावरच्या बायांना मी यासाठी वेगळं काही सांगते. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना बाळ हललं की नाही हे कळतच नाही, दिवस कसा गेला ते आठवत नाही. म्हणून रात्री कोपीत पाठ टेकली की पोटावर हात ठेवून बाळाकडे लक्ष द्यायचं, मग झोपायचं. सातव्यानंतर मोळी उचलूच नये, हेही सांगते. ते किती जणींना पाळता येतं हे मला ठाऊक आहे, तरी सांगते.

पाणी जाण्याबद्दल नेहमी गोंधळ होतो. पाणमोट फुटली की सिनेमात दाखवतात तसा लोट येतोच असं नाही. पुष्कळदा नुसतं झिरपतं आणि बाईला वाटतं लघवीच सुटली. कोरडं स्वच्छ पॅड लावा, जरा फिरा, मग पाहा. लघवीचा वास नसलेलं पाणी सारखं येत असेल, तर कळा असोत नसोत, निघा. पाणी हिरवट किंवा तपकिरी दिसलं तर बाळाने आत शी केलेली आहे, मग तर घाईच करायची. ३७ आठवड्यांच्या आत पाणी गेलं, ठरावीक अंतराने पोट कडक होऊ लागलं किंवा कंबर लाटेसारखी भरून येऊ लागली, तर ‘अजून दिवस भरले नाहीत, खोट्या कळा असतील’ म्हणत बसू नका. खोट्या कळा विश्रांती घेतली, कूस बदलली की विरतात. खऱ्या कळा जवळजवळ येत जातात. वेळेत पोचलात, तर बाळाची फुप्फुसं तयार व्हायला मदत करणारी इंजेक्शनं आईला देता येतात. त्यांचा परिणाम व्हायला वेळ लागतो, म्हणून काही तास हाताशी असणं बाळाला जगवू शकतं.

बाकीचं जरा भराभर सांगते. ताप १०० च्या वर गेला तर क्रोसिन घेऊन झोपून राहायचं नाही. डेंग्यू, मलेरिया, लघवीचा जंतुसंसर्ग, सगळेच गरोदरपणात जोर धरतात. लघवीला जळजळ आणि सोबत थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं, म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असावा. सकाळच्या उलट्या पुष्कळ जणींना होतात, पण दिवसभरात घोटभर पाणीही पोटात राहत नसेल, लघवी गडद आणि अगदी थोडी होत असेल, तर सलाइन लागतं. एकच पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखू लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. तिला तेल लावून चोळायचं नाही. शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना रात्री झोपू देणार नाही इतकी खाज सुटली आणि अंगावर पुरळ काहीच नाही, तर उष्णता म्हणून सोडून देऊ नका. यकृताच्या एका विकारात असं होतं, रक्ताच्या तपासणीत तो सापडतो, आणि त्यात धोका आईपेक्षा बाळाला अधिक असतो. पडलात, पोटाला मार लागला, तर वरून जखम नसली तरी दाखवा. मार घरातल्याच कुणी दिला असेल, तर तेही डॉक्टरांना किंवा नर्सला एकटीने सांगा.

चार पावलं चाललं की दम लागतो, छाती धडधडते, नखं पांढरी दिसतात, हे आमच्या बायांना आता आजार वाटतच नाही, इतकं ते सवयीचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या गरोदर बायांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयी निघाल्या होत्या. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ७ च्या खाली गेलं तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर थांबता येत नाही, रुग्णालय लागतं. अशा बाईच्या बाळंतपणात जे रक्त जातं, ते दुसरीला सोसवेल पण हिला सोसवत नाही.

आता निघायचं कसं. १०८ ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि कर्नाटकातही हाच नंबर लागतो. १०२ खास गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांसाठी आहे. फोनवर ‘पेशंट सिरियस आहे’ एवढंच सांगू नका. कितवा महिना, कितवी खेप, काय होतंय, कधीपासून आणि नेमकी जागा कुठली, एवढं सांगा. फडावर पत्ता नसतो, म्हणून मी पुरुषांना सांगते, पोचल्याच्या दिवशीच कारखान्याचं, गावाचं आणि शेतमालकाचं नाव तिच्या कार्डाच्या मागे लिहून ठेवा. कार्ड पेटीच्या तळाशी नको, हाताशी हवं. दुसऱ्या जिल्ह्यातलं कार्ड आहे म्हणून कुणी परत पाठवायचं नसतं. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि घरी सोडायची गाडी, सगळं मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. मुकादमालाही मी ही तारीख सांगून ठेवते. पुष्कळ मुकादम ऐकतात.

आणि एक प्रश्न हमखास येतो: ‘जाऊन काहीच निघालं नाही तर?’ तर उत्तम झालं. रक्तदाब ठीक, बाळाचे ठोके ठीक, घरी जा म्हणून आम्ही सांगितलं, तर आमचं कामच झालं. कुणी वेडंवाकडं बोललं, तरी पुढच्या वेळी शंका आली की पुन्हा यायचं.

२०१८-२० च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा मातामृत्यूचा आकडा एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. आपण पुष्कळ पुढे आलो आहोत. पण उरलेले कितीतरी मृत्यू बाळ जन्मल्यानंतर होतात, आणि तेव्हा सगळं घर बाळाभोवती गोळा झालेलं असतं. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात, ते फार चांगलं आहे. पण ‘सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही’ हे दवाखान्याला लागू करू नका. तासाभरात पॅड चिंब भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला, ताप चढला, टाक्यातून पू आला, छातीत दुखून दम लागला, तर बाळाला काखेत घेऊन निघा. रक्तदाब बाळंतपणानंतरही चढतो आणि झटकेही येतात, म्हणून डोकेदुखीचा नियम सहा आठवडे तसाच पाळायचा.

बाळंतीण सारखी रडते आहे, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही, झोप उडाली आहे, आणि हे दोन आठवडे झाले तरी ओसरत नाही, तर तोही आजारच असतो आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटतं, बाळाला काही करून बसेन असं ती बोलली, किंवा नसलेले आवाज तिला ऐकू येऊ लागले, तर एक क्षणही तिला एकटं सोडू नका. बाळ दुसऱ्या कुणाकडे द्या आणि तिला त्याच दिवशी, रात्र झाली असेल तर रात्रीच, रुग्णालयात घेऊन जा.